आईची मांडी आणि भौतिकशास्त्राचा नियम: मोटारीतील चाइल्ड सीटचा इतिहास

#इतिहास #धागा

१/ १९७७ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा संमत केला. चार वर्षांखालील मुलाला मोटारीतून नेताना आईवडिलांनी त्याला सुरक्षा आसनात बसवलेच पाहिजे, अशी सक्ती करणारा हा अमेरिकेतील पहिला कायदा. मात्र संमत होता होता त्यात एक दुरुस्ती शिरली: मूल मोठ्या माणसाने हातात किंवा मांडीवर धरले असेल, तर आसनाची सक्ती नाही.

२/ वरवर पाहता ही सवलत माणुसकीची होती. रडणाऱ्या तान्ह्याला आईने कुशीत घेऊ नये, असे कोणते सरकार सांगेल? परंतु ज्या डॉक्टरने या कायद्यासाठी जिवाचे रान केले होते, त्याने त्या दुरुस्तीला नाव दिले, ‘बालक चिरडणारी दुरुस्ती’. आईच्या मांडीला एका बालरोगतज्ज्ञाने इतके भयंकर नाव का दिले, हे समजण्यासाठी चाइल्ड सीटचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी रस्त्यावर आल्या, तेव्हा मुलांचा वेगळा विचार कोणीच केला नव्हता. मोठ्यांसाठीही सीट बेल्ट नव्हते. मूल मांडीवर, दोन सीटांच्या मधल्या जागेत किंवा मागच्या सीटवर उभे राहून प्रवास करी. मोटार हळू चाले, रस्ते मोकळे असत आणि अपघात म्हणजे नशिबाचा फेरा, असे मानले जाई.

४/ १९३० च्या दशकात अमेरिकेत बनी बेअर नावाच्या कंपनीची मुलांसाठीची मोटार-खुर्ची बाजारात आली. पुढे १९४० च्या दशकात धातूच्या चौकटीवर जाड कापड ताणून केलेल्या खुर्च्या दिसू लागल्या. मोटारीच्या सीटच्या पाठीवर त्या आकड्यांनी अडकवीत. काहींना खोटे स्टिअरिंग असे, म्हणजे मुलाला आपणच गाडी चालवत असल्याचे सुख.

५/ या खुर्च्यांचा हेतू सुरक्षितता हा नव्हता. मूल उंचावर बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे, त्याने गाडीभर हुंदडू नये आणि चालवणाऱ्याला त्रास होऊ नये, एवढ्यासाठी त्या होत्या. धडक बसली तर आकडा निसटे आणि खुर्ची मुलासह पुढे फेकली जाई. ‘मुलांची मोटार-खुर्ची’ ही वस्तू जवळपास तीस वर्षे पालकांच्या सोयीची वस्तू होती.

६/ या काळातील अज्ञान समजून घेण्याजोगे आहे. अपघातात शरीराचे नेमके काय होते, हे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. ‘सावधपणे चालवा’ एवढाच उपदेश होता. अपघात झाला तर दोष चालकाचा. अपघात घडणारच, तेव्हा आतील माणूस वाचेल अशी गाडी घडवावी, हा विचार रुजायला दुसरे महायुद्ध उलटून जावे लागले.

७/ १९५९ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने तीन बिंदूंवर बांधला जाणारा सीट बेल्ट दिला. कमरेवरून एक आणि छातीवरून तिरपा एक, असा हा पट्टा. कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही वापरू दिले. आजही जगभरातील मोटारींत हाच बेल्ट असतो. मात्र तो प्रौढ माणसाच्या हाडांच्या मापाने बेतलेला होता.

८/ लहान मूल म्हणजे छोट्या आकाराचा प्रौढ नव्हे, हे येथे कळीचे ठरते. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येते. मानेच्या मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो. ओटीपोटाची हाडे इतकी लहान असतात की कमरेचा पट्टा त्यांवर न टिकता वर पोटावर सरकतो.

९/ म्हणून मोठ्यांचा बेल्ट तान्ह्याला लावणे म्हणजे संकटाचे स्वरूप बदलणे एवढेच. पट्टा पोटावर आला की यकृत, प्लीहा, आतडी यांना इजा. तिरपा पट्टा गळ्यावर आला की मानेला. जड डोके आणि कोवळी मान यांसाठी काही वेगळेच हवे होते.

१०/ १९६२ च्या सुमारास दोन ठिकाणी स्वतंत्रपणे उत्तर शोधले जात होते. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मागे तोंड करून बसवण्याची, इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा पट्टा असलेली सीट मांडली. अमेरिकेत डेन्व्हर येथील लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूची चौकट असलेली, पुढे तोंड असलेली सीट तयार केली. मुलाला वाचवणे हाच हेतू असलेल्या सुरुवातीच्या आसनांत या दोहोंची गणना होते.

११/ खरी कलाटणी मिळाली ती स्वीडनमध्ये. बर्टिल आल्डमन हे पेशाने वैद्य, पुढे गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात वाहतूक-सुरक्षेचे प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या जेमिनी प्रकल्पातील अंतराळवीरांची आसने पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगितले जाते. प्रचंड वेगबदल सोसताना अंतराळवीर पाठीवर रेलून असत, म्हणजे तो भार सगळ्या पाठीवर वाटला जाई.

१२/ आल्डमन यांनी हाच न्याय बाळाला लावला. मोटारीच्या बहुतेक घातक धडका समोरून बसतात. मूल मागे तोंड करून बसले असेल, तर धडकेच्या क्षणी ते सीटच्या पाठीत रुतते. डोके, मान आणि पाठ तिघांना एकाच वेळी आधार मिळतो. पुढे तोंड असेल, तर धड पट्ट्याने थांबते आणि जड डोके पुढे झेपावते. सगळा हिसका मानेवर येतो.

१३/ १९६४ मध्ये व्होल्वोच्या पीव्ही ५४४ गाडीत अशा सीटच्या नमुन्याची चाचणी झाली. १९७२ मध्ये व्होल्वोने मागे तोंड असलेली सीट विक्रीस आणली. स्वीडनमध्ये ही पद्धत इतकी रुजली की तेथे मुले सुमारे चार वर्षांची होईपर्यंत मागे तोंड करूनच प्रवास करतात. इतर देशांना एवढे शहाणपण येण्यास आणखी चाळीस वर्षे लागली.

१४/ अमेरिकेत दरम्यान वातावरण तापले होते. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले आणि मोटार-कंपन्यांच्या बेपर्वाईवर देशभर चर्चा झडली. १९६६ मध्ये वाहन-सुरक्षेचा संघीय कायदा आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फोर्डने ‘टॉट-गार्ड’, तर जनरल मोटर्सने ‘लव्ह सीट’ बाजारात आणली. मोठ्या कंपन्यांनी आता हा विषय मनावर घेतला होता.

१५/ १९७१ मध्ये अमेरिकेत चाइल्ड सीटसाठी पहिले संघीय मानक लागू झाले: क्रमांक २१३. सीट गाडीच्या बेल्टने बांधली जावी, मुलाला पट्टे असावेत, सोबत सूचना असाव्यात, असे त्यात होते. एक गोष्ट मात्र नव्हती. प्रत्यक्ष धडक-चाचणीची अट. पट्टे ओढून पाहिले, चौकटीवर भार देऊन पाहिला की सीट उत्तीर्ण.

१६/ परिणाम लवकरच दिसला. १९७२ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-मासिकाने बाजारातील आसनांच्या प्रत्यक्ष धडक-चाचण्या घेतल्या, तेव्हा सरकारी निकषांवर उतरलेल्या अनेक सीट निकामी ठरल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर ५४ हजारांहून अधिक माणसे मेली. पाहुण्यासमोर शोभेल अशी खुर्ची आणि धडकेत टिकेल अशी खुर्ची यांतील फरक पालकांना दुकानात उभे राहून कळणे अशक्य होते.

१७/ बाहुले बसवलेली सीट घसरगाडीवर ठेवून ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेत तपासण्याची सक्ती अमेरिकेत १ जानेवारी १९८१ रोजी आली. म्हणजे पहिल्या मानकापासून दहा वर्षे. ‘मान्यताप्राप्त’ हा शिक्का कोणत्या परीक्षेनंतर मिळाला, हे विचारण्याची सवय ग्राहकाला लागली ती याच दशकात.

१८/ तथापि सीट चांगली असून भागत नाही. ती वापरली जायला हवी. येथे टेनेसीतील मर्फ्रीझबरो गावचे डॉ. रॉबर्ट सँडर्स या कथेत येतात. बालरोगतज्ज्ञ, रुदरफर्ड काउंटीच्या आरोग्य विभागाचे प्रमुख. देवी, पोलिओ, घटसर्प यांना लसीने आवर घालणारी ही वैद्यांची पिढी. साथीचे रोग हटले, तशी मुलांच्या मृत्यूची कारणे बदलली आणि मोटार-अपघात ठळकपणे पुढे आला.

१९/ सँडर्स यांच्या दृष्टीने चाइल्ड सीट ही एक लसच होती. रोग ठाऊक आहे, प्रतिबंध ठाऊक आहे, मग सक्ती का नको? १९७६ मध्ये त्यांचे विधेयक फेटाळले गेले. ते आणि त्यांच्या पत्नी पॅट पुन्हा कामाला लागले. एकेका आमदाराला गाठणे, दूरध्वनी करणे, बालरोगतज्ज्ञांकडून पत्रे लिहवून घेणे, असे चालले. लोक त्यांना ‘डॉक्टर सीट बेल्ट’ म्हणू लागले.

२०/ विरोधकांचे मुद्दे आजही ओळखीचे वाटतील. माझी गाडी, माझे मूल, सरकारचा काय संबंध? गरिबाने सीट आणायची कुठून? आमची सगळी पोरे अशीच वाढली, कोणाला काय झाले? यांपैकी दुसरा मुद्दा रास्त होता. त्यावर अमेरिकेत पुढे तोडगा निघाला: रुग्णालये आणि आरोग्य विभाग नाममात्र दरात सीट उसन्या देऊ लागले.

२१/ चौथा मुद्दा भावनेचा होता आणि तोच सर्वांत प्रबळ ठरला: आईच्या कुशीइतकी सुरक्षित जागा दुसरी कोणती? याच भावनेतून मांडीची सवलत कायद्यात शिरली. सँडर्स यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. दुरुस्तीसह कायदा पदरात पाडून घेणे, नाहीतर सगळेच गमावणे. कायदा झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला.

२२/ आता ‘चिरडणारी’ या शब्दाकडे वळू. ताशी ४८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.३ मीटर. या वेगाने भिंतीवर आदळणे हे सुमारे ९ मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. गाडीचा पुढचा भाग चेपत जातो, म्हणून आतल्या बांधलेल्या माणसाला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळते. समजा, ते ६० सेंटिमीटर आहे.

२३/ एवढ्या अंतरात थांबायचे तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या १५ पट होते. १० किलोचे बाळ त्या क्षणी सुमारे १५० किलोचे ओझे होते, आणि तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. कोणत्याही आईबापाच्या हातांत ते पेलण्याचे बळ नाही. मायेचा येथे प्रश्नच येत नाही. स्नायूंना प्रतिसाद द्यायलाही वेळ मिळत नाही. बाळ हातातून सुटतेच.

२४/ यापेक्षा भीषण गोष्ट पुढे आहे. धरणाऱ्याने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर ५०-६० किलोचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि बाळ त्याच्या व डॅशबोर्डच्या मध्ये सापडते. वाचवू पाहणारे शरीरच घाताचे साधन होते. एकाच बेल्टमध्ये दोघांना बांधले, तरी हेच घडते: पट्टा बाळावर आणि बाळामागे मोठ्या माणसाचा भार.

२५/ सँडर्स यांनी पाठपुरावा सोडला नाही. सवलतीमुळे आणखी मुले मांडीवरच दगावत होती, हे ते विधिमंडळापुढे मांडत राहिले. १९८१ मध्ये टेनेसीने ती दुरुस्ती रद्द केली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत मुलांसाठीचे कायदे झाले. १९८० मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने, प्रसूतिगृहातून घरी जाण्याचा पहिला प्रवासच सुरक्षित असावा, अशी मोहीम हाती घेतली होती.

२६/ मोठ्या मुलांचे काय, याचे उत्तर पुन्हा स्वीडनमधून आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्होल्वोने बूस्टर बैठक आणली. कल्पना साधी: बेल्ट मुलाच्या मापाचा करता येत नसेल, तर मुलालाच बेल्टच्या मापापर्यंत उचला. मूल थोडे उंच बसले की कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, ओटीपोटाच्या हाडांवर बसतो आणि तिरपा पट्टा गळ्याऐवजी खांद्यावर.

२७/ १९९० च्या दशकात एका उपायानेच नवे संकट उभे केले. अमेरिकेत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग येऊ लागल्या आणि १९९१ च्या कायद्याने पुढे त्या अनिवार्य झाल्या. मागे तोंड असलेली सीट पुढच्या आसनावर ठेवली, तर बाळाचे डोके एअरबॅगच्या अगदी जवळ येते. प्रचंड वेगाने फुगणारी पिशवी सीटच्या पाठीवर आदळे. किरकोळ धडकेतही अशी बाळे मेली.

२८/ यातून दोन नियम जन्मले. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड असलेली सीट कधीही ठेवायची नाही. आणि मुलांची जागा मागच्या सीटवर. गाडीच्या पुढच्या सन व्हायझरवर खोडलेल्या बाळाचे जे चित्र आज दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. पुष्कळजण ते चित्र रोज पाहतात. ते कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२९/ मागे गेलेले, मागे तोंड केलेले, झोपी गेलेले बाळ चालकाला दिसेनासे झाले. बंद गाडीत बाळ विसरले जाण्याच्या दुर्घटनांकडे यामुळे लक्ष वेधले गेले. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंश सेल्सियसने चढते. पर्स, मोबाइल किंवा ऑफिसची पिशवी मागच्या सीटवर बाळाजवळ ठेवण्याची युक्ती याच अनुभवातून आली.

३०/ आणखी एक अडचण होती: सीट बसवताना होणाऱ्या चुका. गाडीगणिक बेल्ट वेगळा, सीटगणिक पद्धत वेगळी. यावर आयसोफिक्स हा तोडगा निघाला. गाडीच्या सीटच्या फटीत चौकटीला जोडलेल्या दोन पक्क्या लोखंडी कड्या, मधले अंतर २८० मिलिमीटर, आणि त्यांत ‘खट्’ करून अडकणारी सीट. १९९९ मध्ये याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. अमेरिकेत २००२ पासून तिथलाच एक प्रकार नव्या गाड्यांत सक्तीचा झाला.

३१/ तरीही माणूस चुकतोच. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०११ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ४६ टक्के सीटच्या वापरात काही ना काही गंभीर चूक आढळली. दुसऱ्या बाजूला त्याच संस्थेच्या हिशेबाने, नीट वापरलेली सीट मोटारीतील एका वर्षाखालील बाळाच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलाचा ५४ टक्क्यांनी घटवते.

३२/ या शास्त्रालाही आव्हान मिळाले आहे. ‘फ्रीकॉनॉमिक्स’चे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००५ मध्ये विचारले: दोन वर्षांवरील मुलांचे प्राण वाचवण्यात साधा बेल्ट आणि चाइल्ड सीट यांत खरेच फरक आहे काय? त्यांचा आधार प्राणघातक अपघातांच्या नोंदींवर होता. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी इतर अपघातांची माहितीही जोडून सीटचा फायदा दाखवून दिला. प्रश्न विचारला गेला, म्हणूनच उत्तर अधिक पक्के झाले.

३३/ मागे तोंड किती काळ, या प्रश्नावरही मत बदलत गेले. पूर्वी अमेरिकेत एक वर्षाचा वाढदिवस झाला की सीट वळवीत. २०११ मध्ये अकादमीने दोन वर्षे सांगितली. २०१८ मध्ये वयाची अटच काढून, सीटच्या उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा, असे सांगितले. युरोपच्या २०१३ च्या ‘आय-साइज’ नियमात किमान १५ महिने आहेत. आल्डमन यांचे म्हणणे सावकाश का होईना, पटत गेले.

३४/ आता भारत. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९४-ब नुसार, चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटविना मोटारीतून नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. हे कलम सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. टेनेसीत होती तशी मांडीची सवलत यात नाही. चाइल्ड सीटसाठी एआयएस-०७२ हे भारतीय मानकही आहे.

३५/ या कथेचा एक धागा पुण्यातही आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पुण्याची. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या योजनेत गाड्यांना प्रौढांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे मिळतात. मुलांचे गुण एकूण ४९ पैकी असतात. गाडी घेताना ‘पाच तारे’ एवढेच न पाहता मुलांसाठी किती, हेही पाहता येते.

३६/ तरीही बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी निघतात, तेव्हा बाळ बहुधा कोणाच्या तरी मांडीवर असते, आणि मान म्हणून पुष्कळदा पुढच्या सीटवर. आजी म्हणते, “एवढ्याशा जिवाला खुर्चीत काय बांधता?” यात प्रेम आहे, अडाणीपणा नाही. १९७७ च्या टेनेसीत आमदारांनीही हेच म्हटले होते. फरक इतकाच की ती चूक तेथे चार वर्षांत दुरुस्त झाली.

३७/ भारतातील असंख्य मुले मोटारीऐवजी दुचाकीवर प्रवास करतात, हेही वास्तव आहे. २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा बंधनकारक आहे. त्याच वर्षी देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली.

३८/ या इतिहासातून निवडीचे निकष आपोआप निघतात. सीटवर एआयएस-०७२, आर-४४ किंवा आर-१२९ यांपैकी मानकाची खूण हवी. कारण १९७२ चा धडा. वयापेक्षा उंची आणि वजन पाहावे. विकत घेण्याआधी ती आपल्या गाडीत बसवून पाहावी. जिचा पूर्वेतिहास ठाऊक नाही किंवा जी मोठ्या अपघातातून गेली आहे, अशी जुनी सीट घेऊ नये; तिला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही.

३९/ क्रमही ठरलेला आहे. आधी मागे तोंड असलेली सीट, जितका काळ तिची मर्यादा परवानगी देईल तितका. मग पुढे तोंड आणि पाच बिंदूंचा पट्टा. मग बूस्टर. उंची साधारण १४५ सेंटिमीटर झाली आणि कमरेचा पट्टा हाडांवर, तिरपा पट्टा खांद्यावर नीट बसू लागला, की नुसता बेल्ट. प्रत्येक पायरीला संरक्षण थोडे घटते. म्हणून पुढची पायरी चढण्याची घाई करू नये.

४०/ वापराचे नियम थोडे आहेत. बसवलेली सीट पट्ट्याजवळ धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नये. खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येऊ नये इतका घट्ट असावा. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या पातळीवर किंवा खालून यावा, पुढे तोंड असताना पातळीवर किंवा वरून. दुपटे, जाड स्वेटर पट्ट्याच्या आत नको. बांधून झाल्यावर वरून पांघरावे.

४१/ रडणाऱ्या बाळाला घ्यायचे असेल, तर? गाडी बाजूला थांबवावी, कुशीत घ्यावे, दूध पाजावे, शांत करावे आणि पुन्हा सीटमध्ये बसवून निघावे. पाच मिनिटे उशीर होईल. कुशीला पर्याय शोधावा, असे या इतिहासात कोणीच म्हटलेले नाही. धावत्या गाडीत कुशीला जे जमत नाही, ते पट्ट्याकडे सोपवावे, एवढेच सँडर्स सांगत होते.

४२/ डॉ. सँडर्स २००६ मध्ये निवर्तले. आल्डमन, बोलिन, एम्स, रिव्हकिन यांची नावे क्रमिक पुस्तकांत येत नाहीत. त्यांच्यामुळे वाचलेली मुले आज आजी-आजोबा झाली आहेत आणि आपण कशामुळे वाचलो, हे त्यांतील बहुतेकांना ठाऊकही नाही. लस टोचलेल्या मुलाला न झालेला रोग आठवत नाही, तसेच हे आहे.

(धागा समाप्त)